हवा अडव पहिले

नागपूरहून निघून खापरी ओलांडली की वर्धा रोडच्या कडेला तेव्हा एका मावशींची चहाची टपरी होती. डिसेंबर २०१७ मधल्या एका पहाटे मी तिथे गाडी उभी केली, हेल्मेट काढायला हनुवटीखाली हात नेला आणि पट्ट्याचं बटण मला दाबताच येईना. बोटं बटणापर्यंत पोचत होती, पण आपण बटणावर आहोत की पट्ट्यावर, हे बोटांना कळत नव्हतं. तीन-चारदा खटपट केली. मावशी स्टोव्हजवळून उठून आल्या.

"काय झालं रे बापू? बोलून काहून नाही राह्यला?"

जबडा इतका आखडला होता की शब्द फुटेना. त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला.

"अगाई, बोटं त पाय याचे! लाकडं झाले पार. थांब, पट्टा मी काढून देतो."

त्यांनी पट्टा काढला, मला बाकावर बसवलं. मी चहाच्या ग्लासाकडे हात नेला तर त्यांनी तो मागे ओढला. आत्ता चटका बसला तरी तुले समजणार नाही, म्हणाल्या, पहिले हात काखेत घाल. पाच मिनिटं मी दोन्ही हात काखेत दाबून बसलो आणि मग बोटांत रक्त परतू लागलं. नखांखाली सुया खुपसाव्यात तशी ती कळ होती. डोळ्यांत पाणी आलं.

मी तिथे थांबलो तो चहासाठी नव्हे. दोन-तीन मिनिटांपूर्वी माझ्यापुढे कापसाचा ट्रक होता. वर फुगलेला कापूस, त्यावर बांधलेली ताडपत्री खाली लोंबत होती आणि तिच्याआड मागचे दिवे झाकले गेले होते. ट्रक हळू झाला ते मला उशिरा दिसलं. मी पुढचा ब्रेक दाबायला बोटं उचलली, पण ती लिव्हरवर वळलीच नाहीत, चारही एकदम काठीसारखी पुढे आली. पायाचा ब्रेक होता म्हणून वाचलो. मागचं चाक घसरत गेलं आणि ताडपत्रीच्या दोरीला हात लावता येईल इतक्या अंतरावर गाडी थांबली. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला की ८ मीटर गेले.

त्या दिवसापासून थंडीत गाडी चालवताना काय घालायचं, हा माझ्यासाठी ब्रेकचा प्रश्न झाला. पुढचे दोन हिवाळे मी तो चिकाटीनं सोडवला, आणि त्याबद्दलच लिहितो आहे.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत धाग्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. पहिली पाळी सकाळी सहाची. मानेवाड्याहून पाचला निघायचं, रिंगरोडनं छत्रपती चौक, तिथून सोनेगाव, चिंचभवन, खापरी, जामठा आणि पुढे बुटीबोरी. पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, पाऊण तास. मेट्रो तेव्हा सुरू झाली नव्हती, वर्धा रोडवर तिच्या कामाचे पत्रे उभे होते. त्या पत्र्यांच्या आडोशात थंडी जाणवायची नाही. चिंचभवनचा पूल चढलं की दोन्ही बाजू मोकळ्या आणि तिथून हवा अंगात शिरायची. जामठ्याच्या आसपास रस्ता जिथे खोलगट होतो तिथे तर एखाद्या गार हौदात उतरल्यासारखं वाटायचं. थंड हवा जड असते, रात्रभर ती सखल जागी साचते.

बाहेरगावच्या लोकांना नागपूर म्हटलं की मे महिना आठवतो. पण समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हिवाळ्यात आभाळ स्वच्छ, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सरळ वर सोडून देते. उत्तरेकडून वारे आले की डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-नऊवर यायला वेळ लागत नाही. आणि सर्वांत कमी तापमान असतं ते सूर्य उगवायच्या सुमारास. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो. म्हणजे पहिल्या पाळीचा माणूस रात्रीच्या सर्वांत गार टोकाला गाडीवर असतो.

त्या पहाटे मी काय घातलं होतं ते सांगतो, कारण रस्त्यावर आजही बहुतेकांच्या अंगावर तेच दिसतं. सुती बनियन, शर्ट, आईनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाजारातला जाड लोकरी स्वेटर. गळ्यात मफलर. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट. हातात लोकरीचे मोजे, खाली जीन्स आणि कंपनीचे सेफ्टी शूज. वजन केलं असतं तर कपडेच तीन-चार किलो भरले असते, आणि तरी मी गारठलो होतो.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. कुही-मांढळच्या बाजूला राजदूत मोटरसायकलवर रात्री-बेरात्री फिरलेले. त्यांनी माझे स्वेटर चाचपून पाहिले.

"स्वेटर किती घातले?"

"दोन."

"अन् हवा कोणी अडवली?"

मी गप्प.

"हवा अडव पहिले. मंग एक स्वेटर बी पुरते."

त्यांनी कोपऱ्यातल्या रद्दीतून दोन दिवसांचे पेपर काढले, पूर्ण उघडून चार-चार पानांची घडी केली आणि शर्टावर, स्वेटरच्या आत, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत बसवली. दोन्ही कडा काखेपर्यंत वळवल्या. त्यांच्या नोकरीच्या काळात सगळेच लाइनमन असं करायचे म्हणे. कागदातून हवा आरपार जात नाही, पानांच्या मधे थोडी हवा अडकून राहते, आणि छातीवर येणारा वारा तिथेच थांबतो.

दुसऱ्या दिवशी पेपर घालून निघालो. प्रत्येक वळणावर छातीवर चुरचुर आवाज. चिंचभवनच्या पुलावर मी थंडीची वाट पाहत होतो, ती छातीत आलीच नाही. आणि ज्यासाठी मी तयार नव्हतो ते पुढे झालं: बोटंसुद्धा उशिरा बधिर झाली. हातमोजे तर तेच होते.

प्रयोगशाळेत नोंदी ठेवायची सवय असते. मी एक छोटी वही केली. रोज पोचल्यावर लिहायचो: घरच्या गॅलरीतल्या तापमापीवर निघताना किती अंश होते, अंगावर काय होतं, सर्वांत आधी कोणता भाग गार पडला, आणि कुठे. पहिल्या नोंदी अशा आहेत. "९ अंश. दोन स्वेटर. बोटं, सोनेगाव." "९ अंश. एक स्वेटर, पेपर. बोटं, खापरी." "८ अंश. पेपर, वरून रेनकोट. बोटं, जामठा. गुडघे त्याआधी." हातमोजे न बदलता बोटांचा टप्पा कितीतरी किलोमीटर पुढे सरकला होता.

याचं कारण शरीरात आहे. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आधी आतले अवयव सांभाळतं. हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ऊब घेऊन येणारं रक्त कमी होतं, आणि बोटं पहिली सुटतात. मग हातमोज्यांना राखायला ऊबच उरत नाही, कारण मोजा स्वतः काही गरम करत नाही. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलं की बारीक हालचाली बिघडायला लागतात. बटण, चावी, लिव्हरवरचा नेमका दाब, सगळं त्यातच आलं. मी इतके दिवस बोटांची काळजी बोटांपाशीच करत होतो.

वाऱ्याचा हिशेबही मी तेव्हा शोधून वाचला. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. त्यांचं काम १९४५ साली छापलं गेलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं वाऱ्यात हवा किती गार भासते याचं नवं सूत्र स्वीकारलं, उघड्या चेहऱ्यावर बेतलेलं. त्या सूत्रात ८ अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा घातला तर उत्तर येतं साधारण २ अंश. हवा अगदी स्थिर असली तरी गाडीवरचा माणूस आपला वारा आपणच तयार करतो. घराच्या अंगणात पुरेसा वाटणारा स्वेटर रस्त्यावर फसतो तो यामुळेच. लोकरीची ऊब तिच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. साठचा वारा विणीच्या भोकांतून आत शिरून ती हवा हुसकून लावतो, मग त्या स्वेटरमध्ये फक्त वजन उरतं.

कागदाची मर्यादाही लवकरच दिसली. घामानं तो मऊ पडतो, बाह्या आणि खांदे उघडे राहतात. म्हणून मी पावसाळी रेनकोट स्वेटरवर चढवला. गेटवरच्या गार्डकाकांनी पहिल्या दिवशी आभाळाकडे पाहून विचारलं, "काय जी, तुमच्याकडं पाणी येऊन राह्यलं का?" हवा अडवण्यात रेनकोटसारखी स्वस्त वस्तू नाही, आणि ती प्रत्येकाच्या घरी असतेच. पण तो आतली वाफही बाहेर सोडत नाही. पाऊण तासात आतून दमटपणा यायचा आणि पोचल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

खरं तर धाग्याच्या कारखान्यात बसून मला हे आधी सुचायला हवं होतं. कुठल्या तंतूत किती ओल मुरते, हे आम्ही रोज तपासतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरतो, लोकर १६ च्या जवळपास, आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कापूस ओला झाला की धाग्यांमधली हवा जाऊन तिथे पाणी येतं, आणि पाणी शरीराची ऊब फार वेगानं बाहेर नेतं. लोकर ओल पोटात घेते तरी तिची ऊब बरीचशी टिकते. पॉलिस्टर पाणी धरतच नाही, घाम वरच्या थराकडे जाऊ देतं. उन्हाळ्यात ज्या सुती बनियनवर आपण नागपूरकर जगतो, तीच हिवाळ्यात गाडीवर अंगाला चिकटून गार पडते.

तेव्हा कपडे तीन थरांत लावायचे ठरवलं. अंगालगत घाम न धरणारा, मधे हवा धरणारा, बाहेर वारा अडवणारा.

पहिल्या दोन थरांसाठी मी तिबेटी बाजारात गेलो. थंडी लागली की नागपुरात तिबेटी लोक स्वेटरची दुकानं मांडतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्या बाईंकडून मी घेतलं त्या तिथल्याच होत्या आणि मराठी आपल्यासारखीच बोलायच्या. मी जाडजूड लोकरी स्वेटर उचलला तर त्यांनी विचारलं, गाडीवर घालायचाय का? मग तो बाजूला ठेवून मऊ लवीचं फ्लीसचं जॅकेट काढलं. इनर अंगाला लागून बसलं पाहिजे, त्या म्हणाल्या, पण जॅकेटमध्ये छातीशी मूठ मावली पाहिजे. मूठ मावली नाही तर हवा कुठे राहणार? मी इनर पॉलिस्टरचं घेतलं, पूर्ण बाह्यांचं, आणि मूठ मावेल असं फ्लीस. दोन्हींचं मिळून वजन माझ्या जुन्या एका स्वेटरपेक्षा कमी भरलं.

बाहेरच्या थरासाठी मात्र पैसे साठवावे लागले. पुढच्या हिवाळ्याआधी मी वारा न शिरणारं रायडिंग जॅकेट घेतलं. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: चेनवर आतून कापडाची पट्टी आहे का, मनगटाशी आवळता येतं का, आणि गाडीवर वाकून बसल्यावर पाठीमागून कंबर उघडी पडते का. तिसरी गोष्ट आरशासमोर उभं राहून कळत नाही, दुकानात स्टुलावर बसून हात पुढे ताणून पाहावी लागते. कंबरेची ती चार बोटं उघडी राहिली तर बाकी सगळं फुकट. ज्यांना असं जॅकेट घेणं जमत नाही त्यांना मी आजही सांगतो, इनर, फ्लीस आणि वरून रेनकोट. उत्तम चालतं, फक्त पोचल्यावर लगेच रेनकोट काढायचा.

काही जण साधं जॅकेट उलटं घालतात, चेन पाठीमागे करून. छातीला हवा लागत नाही हे खरं. पण मान वळवून मागे पाहायला गेलं की कॉलर गळ्याला लागते आणि खांदे अडकतात. मी एकदाच तसा गेलो. छत्रपती चौकात वळताना मागे पाहता आलं नाही आणि पुन्हा ते केलं नाही.

आता हात. वहीत सर्वांत जास्त पानं हातांचीच आहेत. लोकरी मोजे बाद झाले: हवा आरपार आणि लिव्हरवरून घसरतात. मग लोकरीवर चामड्याचे मोजे चढवले, तर दोन मोज्यांत बोटं करकचून बसली आणि उलट लवकर गारठली. घट्ट मोज्यात रक्तही फिरत नाही आणि हवेलाही जागा राहत नाही. त्यानंतर प्रयोगशाळेतले पातळ रबरी हातमोजे आत घालून पाहिले. खापरीपर्यंत स्वर्ग, पुढे घामानं ओले. छोट्या अंतराला तो उपाय आजही चांगला आहे, दहा-पंधरा किलोमीटरच्या माणसानं जरूर करावा. शेवटी अस्तर असलेले, वारा न शिरणारे हातमोजे घेतले, माझ्या मापाहून एक नंबर मोठे, ज्यांचा मनगटाचा भाग लांब असून जॅकेटच्या बाहीवर चढतो. बाही आणि मोजा यांच्यामधली फट फार घात करते. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या अगदी कातडीलगत असतात आणि वारा थेट तिथेच शिरतो.

हातमोजे दुकानात घेताना मी काउंटरवर ठेवून पाहत नाही. ते घालून बाहेर उभ्या माझ्या गाडीवर बसतो, क्लच दाबतो, ब्रेकवर दोन बोटं ठेवतो, हॉर्न आणि इंडिकेटर न पाहता शोधतो. ऊबदार पण जाड मोज्यात लिव्हर नीट जाणवत नसेल, तर बधिर बोटांमध्ये आणि त्यात फरक तो काय राहिला?

मानेचं महत्त्व मला उशिरा कळलं. मफलर होता, पण त्याची टोकं. एकदा घरी आल्यावर पाहिलं तर मफलरच्या गोंड्यांना काळं ग्रीस लागलं होतं. गाठ कधीतरी सुटून टोक चेनपर्यंत लोंबलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. हात थरथरले माझे. दुपट्टा, ओढणी, मफलर, काहीही असो, गाडीवर त्याचं एकही टोक बाहेर नको. गुंडाळून जॅकेटच्या आत खोचायचं आणि वरून चेन लावायची. मागे बसणाऱ्या बायकांच्या ओढणीकडे तर निघण्याआधी हात लावून पाहावं. मी मफलर कायमचा सोडला आणि डोक्यातून घालायची कापडी नळी घेतली, जी गळ्यापासून नाकापर्यंत येते. टोकंच नाहीत.

जाड माकडटोपीही सोडली. तिच्यावर हेल्मेट बसतं, पण ते लोकरीवर डुलत असतं. टोपी घालून घट्ट वाटणारं हेल्मेट पडल्यावर निसटू शकतं. त्याऐवजी आत पातळ, अंगाबरोबर ताणणारी टोपी, आणि हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ जमते तो त्रास मात्र खरा. गळ्यातली नळी नाकावर ओढली की श्वास वर काचेकडे जातो, म्हणून मी ती नाकाच्या खाली ठेवतो. आदल्या रात्री काचेच्या आतल्या बाजूला भांड्याच्या साबणाचं एक थेंब पाणी पसरून कोरड्या मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं, वाफ बरीच कमी धरते. सिग्नलला काच बोटभर उघडायची. धुकं असेल त्या दिवशी हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण वाफ कुठली आणि धुकं कुठलं हेच समजत नाही.

पायांना मी फार वेळ दिला नाही, आणि गरजही पडली नाही. जीन्समधून वारा सरळ आत येतो, म्हणून आत थर्मल पँट आणि वरून रेनकोटची पँट. गुडघ्यांचा प्रश्न त्या एका पँटनं संपला. पावलांचा नाही संपला. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोकात लोखंडी वाटी असते, ती गार झाली की अंगठे गार. दोन मोजे घालून पाहिले, बूट घट्ट होऊन आणखी गारठलो. एक लोकरी मोजा, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी, मग बूट, एवढंच जमलं. पुढे सेफ्टी शूज कारखान्यातच ठेवून येता-जाता साधे चामडी बूट वापरू लागलो तेव्हा थोडा फरक पडला. अंगठे मला अजूनही पूर्ण साधलेले नाहीत.

कपडे घालण्याचा क्रम हाही एक धडा होता. सुरुवातीला मी घरातच सगळं चढवून चहा प्यायचो, चावी शोधायचो, किक मारायचो. तेवढ्यात पाठीला घाम यायचा आणि रिंगरोडवर तोच घाम बर्फासारखा व्हायचा. आता इनर आणि फ्लीसवर घरात वावरतो. गाडी चोक देऊन सुरू करतो, टायरची हवा पाहतो, कारण थंडीत ती कमी होते. आणि जॅकेट, गळ्याची नळी, हेल्मेट, शेवटी हातमोजे हे सगळं गाडीजवळ, बाहेर. निघताना थोडं गार वाटलं तर चालतं. आधीच अंग गारठलेलं असेल तर मात्र हे कपडे उपयोगाचे नाहीत, ते असलेली ऊब राखतात, नवी देत नाहीत. म्हणून पोटात काहीतरी गरम जाऊ दे, असं आई म्हणायची ते शब्दशः खरं आहे. काही मित्र थंडीसाठी दारूचा घोट सुचवतात. गाडीवर ते कायद्यानं आणि अकलेनं दोन्हीकडून बाद. शिवाय दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, वरून गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

आपल्या नागपूरची आणखी एक अडचण आहे. पहाटे आठ अंश आणि दुपारी दोनला पाळी सुटते तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. सकाळच्या कपड्यांत दुपारी परतणं म्हणजे शिक्षाच. एकच जाडजूड जॅकेट घेणारे इथेच फसतात, सकाळी पुरत नाही आणि दुपारी सोसत नाही. थरांचे कपडे एकेक करून निघतात: फ्लीस आणि रेनकोटची पँट पाठीवरच्या पिशवीत, जॅकेट आणि हातमोजे अंगावर, कारण पडण्यापासूनचं रक्षण दुपारीही हवंच.

पुढचा हिवाळा आला तेव्हा वहीत सत्तरेक नोंदी झाल्या होत्या. २९ डिसेंबर २०१८ हा शनिवार होता. गॅलरीतली तापमापी मी पहाटे पाहिली आणि टॉर्च लावून पुन्हा पाहिली. पाच अंशांच्या खाली. घराबाहेर पडलो तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. चौकात एका शेकोटीभोवती चार माणसं इतकी जवळ बसली होती की ज्वाळ दिसत नव्हती, नुसता उजेड दिसत होता. त्या दिवशी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. शहराच्या आजवरच्या नोंदींमधला तो नीचांक. हे मला दुपारी कळलं. साठच्या वेगानं त्याचा हिशेब उणे चारच्या जवळ जातो.

मी वेग पन्नासच्या आत ठेवला. चिंचभवनचा पूल चढलो. कपाळाला हेल्मेटच्या वरच्या भोकातून एक गार रेघ जाणवली, ते भोक बंद केलं. छाती ऊबदार. मान ऊबदार. दर दोन मिनिटांनी मी एकेक बोट लिव्हरवर वाजवून पाहत होतो, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, आणि प्रत्येक बोट उत्तर देत होतं. अंगठे पायाचे गेले होते, ते मी धरूनच चाललो होतो. हाताची बोटं मात्र होती.

वेळ होता, तरी मी मुद्दाम मावशींच्या टपरीवर थांबलो. हनुवटीखाली हात नेला, हातमोजा न काढता बटण दाबलं, पट्टा सुटला. मावशी स्टोव्हपलीकडून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत, ग्लास भरून सरळ माझ्या हातात दिला.

बाकावर एक पोरगा बसला होता, वीस-बावीसचा, ठेकेदारीवर कुठेतरी कामाला लागलेला. अंगात शर्ट आणि एक भोकाभोकांचा स्वेटर, दोन्ही हात काखेत. मी जवळ गेलो तर दात वाजत होते. मी मावशींना पेपर मागितला. त्यांनी बाकाखालून रद्दीचा गठ्ठा ओढला. गेल्या वर्षी मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली होती तेव्हापासून त्या पोहे बांधायच्या कागदांतून चांगले, कोरडे पेपर वेगळे काढून ठेवत.

"चार पानं घे," त्या त्याला म्हणाल्या, "अन् स्वेटरच्या आतून घाल. वरून नाही. आतून."

त्यानं उभं राहून स्वेटर वर केला. मी पानं उघडून गळ्यापासून पट्ट्यापर्यंत बसवली, कडा काखेत वळवल्या. त्याचे हात पुरते गरम होईपर्यंत आम्ही त्याला निघू दिलं नाही. मग मी त्याला माझ्या गाडीवर बसवून क्लच दाबायला सांगितला, दोनदा, आणि ब्रेक तीनदा. बोटं नीट वळली तेव्हाच तो आपल्या गाडीवर बसून जामठ्याच्या दिशेनं गेला.